सहाशे पाच रुपये

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, बाळकुम नाक्यावर मेट्रोच्या खांबांखाली नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. अशा वेळी कोणी घरी येत नाही आणि आपणही कोणाकडे जात नाही. मी चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दारात दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा. पोरगा म्हणायची आपली सवय, आता तिशीला आलाय. भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, रोज काशेळीच्या पुलावरून बाईकने जा-ये करतो. अंगातून पाणी गळत होतं, पण शर्टाच्या आत एक प्लॅस्टिकची फाईल अगदी कोरडी ठेवून आणली होती.

"काका, जरा वेळ आहे का? एक कागद दाखवायचाय. पप्पांना सांगू नका."

'पप्पांना सांगू नका' म्हटलं की समजायचं, प्रकरण पैशाचं आहे.

फाईलमध्ये एक चकचकीत कागद होता. वर तीन सिंहांची आठवण होईल असं काहीतरी गोल चित्र, खाली भलामोठा शिक्का, मधोमध जाड अक्षरात 'कर्जमुक्ती प्रमाणपत्र'. मजकुराचा अर्थ एवढाच, की सदर इसमाची सर्व वैयक्तिक कर्जे शासकीय योजनेअंतर्गत माफ झाली असून कोणतीही बँक अथवा वित्तसंस्था त्याच्याकडे वसुली करू शकत नाही. सही कोणाची ते वाचता येत नव्हतं. यासाठी त्याने 'फाईल चार्ज' म्हणून साडेचार हजार रुपये भरले होते, आणि मुख्य म्हणजे कागदावर विश्वास ठेवून तीन महिने एकही हप्ता भरला नव्हता.

"काका, हे खरं आहे ना?"

आता काय सांगणार? त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटत होतं, की उत्तर त्यालाही माहीत आहे. पण दुसऱ्या कोणीतरी ते तोंडाने म्हणावं लागतं. मी म्हटलं, "नाही रे. खोटं आहे."

तो काही बोलला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून फरशीवर पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिला. बायको आतून टॉवेल घेऊन आली, तिने तो त्याच्या हातात दिला आणि काही न विचारता परत आत गेली.

अशी प्रमाणपत्रं विकणारा तो एकटाच भेटला असं नाही. हा धंदा इतका पसरला, की ११ डिसेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं. कर्जमाफीच्या जाहिराती करून, फी घेऊन, कसलाही अधिकार नसताना कर्जमाफीची प्रमाणपत्रं दिली जातायत, यांच्या नादी लागू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पण रिझर्व्ह बँकेची पत्रकं वाचतो कोण? व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात सगळे वाचतात.

त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही, कारण त्याचा विश्वास बसायला कारण होतं. "मामाचं माफ झालं ना काका," तो म्हणाला. मामा जुन्नरकडे शेती करतो. आपण सगळे लहानपणापासून बातम्यांमध्ये हेच ऐकत आलोय. २९ फेब्रुवारी २००८ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी अल्पभूधारकांची शेतीकर्जं माफ केली. २०१७ मध्ये राज्याची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंतची. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. प्रत्येक निवडणुकीत हा शब्द आहेच. 'कर्जमाफी' हा शब्द आपल्याकडे 'पाऊस' या शब्दासारखा झालाय. कधीतरी येणारच, कोणावर तरी पडणारच.

पण तो पाऊस शेतीच्या कर्जावर पडतो. त्यातही याद्या, निकष, आधार जोडणी, थकबाकीच्या तारखा असं सगळं पार केल्यावर. शेतकऱ्याला तो मिळतो म्हणून मला पोटदुखी नाही. ज्याचं पीक गारपिटीत जातं त्याचा हिशेब वेगळा आहे. सांगायचं एवढंच, की ठाण्यात राहून क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि मोबाईलवरच्या अ‍ॅपचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाचं कर्ज सरकार फेडत नाही. अशी योजना नाही. केंद्राची नाही, राज्याची नाही. हे एकदा मोठ्याने म्हणून टाकलं, की अर्धा गोंधळ संपतो.

मला हे कसं माहीत? कारण मी स्वतः या वाटेने गेलोय. हे मी कधी लिहिलेलं नाही.

२००६-०७ चा काळ आठवतोय? ठाणे स्टेशनच्या बाहेर टेबलं मांडून टाय लावलेली पोरं क्रेडिट कार्डं वाटायची. 'लाईफटाईम फ्री सर.' मी तीन घेतली. पगार बरा होता, फ्लॅट नवीन होता, सोफा हवा होता, टीव्ही हवा होता. दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरलं की आपण सज्जन, असा माझा समज होता. वर्षभरात सव्वा लाख थकले. मग फोन सुरू झाले. आधी गोड आवाजातले, मग न गोड. एक जण ऑफिसात आला आणि रिसेप्शनवर माझं नाव मोठ्याने घेऊन बसला. त्या दिवशी मी मागच्या जिन्याने उतरलो आणि बाळकुमपर्यंत चालत आलो. बसमध्ये कोणी ओळखीचं भेटेल या भीतीने.

बायकोला सांगितलं नव्हतं. तिला कळलं ते घरच्या फोनवर आलेल्या एका वसुलीवाल्याकडून. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सोफ्यावर बसून तू रोज माझ्याशी खोटं बोलत होतास." मग तिने आपली चेन काढून दिली. ती मोडून आणि बँकेशी तडजोड करून मी सुटलो. त्या तडजोडीचा डाग क्रेडिट रेकॉर्डवर काही वर्षं राहिला, कारण तिथे 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' असे दोन वेगळे शब्द असतात आणि दुसरा शब्द बँकवाल्यांना अजिबात आवडत नाही. चेन परत करायला मला सहा वर्षं लागली.

तेव्हा मीसुद्धा शोधत होतो, सरकार काही करतं का. बँक ऑफ इंडियाने त्या सुमारास मुंबईत 'अभय' नावाचं कर्जसल्ला केंद्र काढलं होतं. नाव वाचूनच बरं वाटलं होतं, पण लाजेने गेलो नाही. एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम काढले, तोपर्यंत माझं सगळं होऊन गेलं होतं.

सरकारकडून माझ्या वैयक्तिक कर्जासाठी पैसे मिळाले ते आयुष्यात एकदाच. नोव्हेंबर २०२० मध्ये. करोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, पण व्याज चालूच होतं आणि व्याजावर व्याजही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी केंद्राने ठरवलं, की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यातला फरक सरकार भरेल. घरकर्ज, कार्ड, पर्सनल लोन सगळं त्यात होतं. हप्ते नेमाने भरणाऱ्यालाही ते मिळणार होतं. माझं घरकर्ज नऊ लाख उरलेलं, व्याज आठ टक्के. एके दिवशी पासबुकात एंट्री दिसली. सहाशे पाच रुपये.

मी कॅल्क्युलेटर घेऊन पडताळून पाहिलं. पै न् पै बरोबर होती. सरळ व्याज छत्तीस हजार, चक्रवाढ छत्तीस हजार सहाशे पाच. बायको म्हणाली, "चला, सरकारच्या पैशाने मिठाई आणू." आणली. एक किलो काजूकतलीसुद्धा आली नाही. असो.

हे मी त्या पोराला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मग हसता हसता रडायला लागला. आणि मग म्हणाला, "काका, परवा काशेळीच्या पुलावर गाडी थांबवली होती मी. दहा मिनिटं उभा होतो."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

मी कागद बाजूला ठेवला. पैशाचं नंतर बघू म्हटलं. त्याला जेवायला बसवलं. त्या रात्री तो आमच्या हॉलमध्येच झोपला. घरी सांगितलं की काकांचा कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. झोपण्याआधी माझ्या फोनवरून आम्ही १४४१६ लावला. टेली-मानस म्हणतात त्याला, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. तो बाल्कनीत जाऊन अर्धा तास बोलला. काय बोलला मी विचारलं नाही. ही सरकारी मदतच, फक्त कर्जाच्या यादीत कोणी ती लिहीत नाही.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि सगळी कर्जं लिहून काढली. त्याने आजवर कधीच सगळी एकत्र लिहिली नव्हती. मीही तेव्हा लिहिली नव्हती. कोणीच लिहीत नाही, कारण बेरजेची भीती वाटते.

पर्सनल लोन एक लाख नव्वद हजार. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आई खाजगी हॉस्पिटलात बारा दिवस होती, त्याचं. ती वाचली, हे आधी सांगतो. कार्डाचे एक लाख अठरा हजार, हे पर्सनल लोनचे हप्ते भरता भरता वाढलेले. चार अ‍ॅपचे मिळून बावन्न हजार, हे कार्डाचं मिनिमम भरता भरता घेतलेले. आणि अ‍ॅपवाल्यांचे फोन थांबावेत म्हणून गल्लीतल्या एका माणसाकडून चाळीस हजार, महिना दहा टक्क्यांनी.

बेरीज बरोब्बर चार लाख. महिन्याचे हप्ते मिळून अठ्ठावीस हजार शंभर. पगार चोवीस हजार. पगारापेक्षा हप्ते जास्त. यात चैन कुठेच नव्हती. माझा सोफा होता, याच्याकडे तोही नव्हता.

"काका, दिवाळखोरी जाहीर केली तर?" त्याने विचारलं. अमेरिकेत करतात असं त्याने ऐकलं होतं.

कायदा आपल्याकडेही आहे. जुना. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि ठाण्यासारख्या बाकीच्या भागासाठी १९२० चा. जिल्हा कोर्टात जाऊन 'मी नादार झालो' म्हणायचं. पण हा रस्ता इतका लांबचा आणि इतका गवत वाढलेला आहे की सहसा कोणी तिकडे जात नाही. मग २०१६ मध्ये नवीन दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांची मोठमोठी प्रकरणं आपण पेपरात वाचतो ती त्यातलीच. त्याच कायद्यात साध्या माणसासाठीही एक प्रकरण आहे, 'नवी सुरुवात' अशा अर्थाचं. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांपेक्षा जास्त नको, मालमत्ता वीस हजारांपेक्षा जास्त नको, कर्ज पस्तीस हजारांपेक्षा जास्त नको आणि स्वतःचं घर नको. एवढं जमलं तर कर्ज पुसलं जाईल.

वाचताना मला वाटलं, ज्याचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार आहे त्याला कुठली बँक कर्ज देते? पण तो प्रश्नही निकालात निघतो, कारण हे प्रकरण साध्या कर्जदारांसाठी अजून लागूच केलेलं नाही. डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी त्यातला काही भाग सुरू झाला. म्हणजे ज्याने कंपनीच्या कोट्यवधींच्या कर्जाला सही दिली त्याच्यासाठी दार उघडलं, आणि ज्याने आईच्या हॉस्पिटलसाठी दोन लाख घेतले त्याचं दार छापील आहे, पण त्याला कडी लागलेली.

इंग्लंडमध्ये बघा. अडचणीतल्या माणसाने मान्यताप्राप्त सल्लागाराकडे गेलं, तर मे २०२१ पासून साठ दिवसांची 'श्वास घ्यायची सवड' मिळू शकते. तेवढे दिवस तगादा बंद, व्याज बंद. तिथेही सरकार कोणाचं कर्ज भरत नाही. पण दोन महिने झोप देतं. झोप मिळाली की माणूस हिशेब करू शकतो.

आपल्याकडे असं काहीच नव्हतं असंही नाही बरं का. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत वाचलं असेल. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही आणि कोर्टाने रोख्यावरचा आकडा डोळे झाकून न मानता मूळ व्यवहार तपासायचा, असं त्यात होतं. दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या आधीपासून आपल्याकडे दामदुप्पट होतंच. व्याज मुद्दलाएवढं झालं की सावकाराने थांबायचं.

आणि एकदा तर खरोखर कर्जं पुसलीही गेली. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने वटहुकूम काढून छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर, कामगार यांची सावकारी कर्जं रद्द केली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. बँकांची आणि सोसायट्यांची कर्जं त्यात नव्हती. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. आमच्या आजीच्या पाटल्या तेव्हा सावकाराकडून परत आल्या होत्या. घरात हे कौतुकाने सांगितलं जायचं. पण आजी स्वतः सांगायची तेव्हा पुढचं वाक्यही जोडायची. पाटल्या आल्या, पण पुढच्या मृगाला बियाण्याला पैसे मागायला गेलो तर कोणी दारात उभं करेना. शेवटी त्याच पाटल्या दुसऱ्या गावच्या सावकाराकडे गेल्या, जास्त व्याजाने.

म्हणून 'सरकारने सगळ्यांचं माफ करावं' असं मी चटकन म्हणत नाही. आजीच्या पाटल्या आठवतात.

मग सरकार करतं तरी काय? त्या पोराबरोबर महिनाभर हिंडून मला जे कळलं ते सांगतो. सरकार पैसे देत नाही. सरकार कुंपण देतं. ते कुंपण कुठे आहे हे माहीत असलं तरच उपयोग, नाहीतर समोरचा आपल्या अंगणात येऊन बसतो आणि आपल्याला वाटतं त्याचा हक्कच आहे.

पहिलं कुंपण फोनचं. ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात म्हटलंय, की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. ऐकलं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फुकट. आम्ही बँकेला एक साधा ईमेल केला, त्यात तारखा आणि वेळा लिहिल्या. रात्री दहाचे फोन त्या आठवड्यात थांबले. माझ्या वेळी हा ईमेल करायचं मला सुचलं असतं तर मागच्या जिन्याने उतरलो नसतो.

दुसरं, तुरुंगाची भीती. फोनवरचा माणूस त्याला रोज 'पोलीस येतील' म्हणायचा. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस येत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. चेक वटला नाही तर मात्र फौजदारी होऊ शकते, आणि बँकेतून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरीही, म्हणून त्या नोटिशी दुर्लक्षित करायच्या नाहीत. पण प्रामाणिकपणे ऐपतच नसलेल्या माणसाला दिवाणी कर्जासाठी तुरुंगात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. आणि कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी पगार सगळा जप्त होत नाही. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडावाच लागतो. चोवीस हजारांतले सोळा हजार तीनशे तेहतीस त्याचेच राहतात. प्रॉव्हिडंट फंडाला हात लागत नाही. हा आकडा मी त्याच कॅलेंडरच्या पानावर लिहून दाखवला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला. इतके दिवस त्याला वाटत होतं शून्य राहणार.

तिसरं, वकील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नावाची गोष्ट प्रत्येक जिल्हा कोर्टात असते, आपल्याकडे कोर्टनाक्याला. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. बायकांना तर उत्पन्न न बघता. याचं वर्षाचं दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. बसलं! तिथल्या वकीलबाईंनी पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते आम्हाला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. चार अ‍ॅपपैकी दोघांच्या मागे नोंदणीकृत वित्तकंपनी होती, त्यांच्याशी बोलून हप्ते पाडून घ्यायचे. बाकी दोघांचा ठावठिकाणाच नव्हता. फोनमधले सगळे नंबर घेऊन मित्रांना मेसेज पाठवणारे ते हेच. त्यांची तक्रार १९३० वर आणि पोलिसांत. प्रमाणपत्रवाल्याचीही तिथेच.

चौथं, लोकअदालत. खटला दाखल व्हायच्या आधीच कार्डाचं प्रकरण तिथे ठेवता आलं. बँकेचा माणूस समोर बसला, पंखा गरगरत होता, आजूबाजूला वीजबिलं आणि अपघातांच्या भरपाया चालू. बराच वेळ घासाघीस होऊन व्याजाचा मोठा भाग गेला आणि बाकीचे बारा हप्ते ठरले. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे शेवटचा, त्यावर अपील नाही. रेकॉर्डवर 'सेटल्ड' येणार हे मी त्याला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला आता पाच वर्षं कोणी कर्ज दिलं नाही तर बरंच होईल."

राहिला गल्लीतला माणूस. गंमत अशी, की कायदा सगळ्यात कडक इथेच आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४. सावकारी करायला परवाना लागतो. बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला जास्तीत जास्त अठरा टक्के. म्हणजे चाळीस हजारांवर महिन्याला सहाशे रुपये. हा घेत होता चार हजार, आणि चौदा महिन्यांत छप्पन्न हजार घेऊन मुद्दल जसंच्या तसं. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त नको, असंही त्यात आहे. आपलं जुनं दामदुप्पटच. परवाना नसेल तर कोर्ट त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही, उलट त्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची.

पण कायदा पुस्तकात राहतो आणि सावकार गल्लीत राहतो. संध्याकाळी भाजी आणताना तोच भेटतो, गणपतीच्या वर्गणीला तोच सगळ्यात मोठी पावती फाडतो. अर्ज करायला हात धजत नव्हता.

इथे मी एक गोष्ट केली, ती त्याला न आवडता केली. त्याच्या वडिलांना सांगायला लावलं. 'तू सांग, नाहीतर मी सांगतो' इतपत. ते कोलशेतच्या कंपनीतून रिटायर झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. पोराने मान खाली घालून सगळं सांगितलं, पुलाचंही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझी आई वाचली ना त्या पैशाने. मग लपवायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी ते आणि मी सावकाराकडे गेलो. भांडण नाही, धमकी नाही. चौदा महिन्यांचा हिशेब एका कागदावर मांडला, खाली कायद्याचं नाव लिहिलं. त्याने तो कागद बराच वेळ पाहिला. शेवटी, व्याज बंद, मुद्दलाचे दहा हप्ते, असं ठरलं. वकीलबाईंच्या मते खरं तर तेही द्यायचं कारण नव्हतं. पण ज्या गल्लीत राहायचं तिथे माणूस कायद्यापेक्षा थोडं जास्त देतो. हे बरोबर का चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज त्याचे हप्ते सोळा हजारांवर आलेत. अजून दोन वर्षं ओढाताण आहे. रविवारी दुसरीकडे काम करतो, आईच्या गोळ्या वडिलांच्या पेन्शनमधून येतात. साडेचार हजार परत आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही. कर्जमाफी झालेली नाही. झालंय ते एवढंच, की तो रात्री झोपतो, आणि काशेळीच्या पुलावर त्याची गाडी थांबत नाही. (मी मुद्दाम विचारतो. तो म्हणतो, "काका, ट्रॅफिकमध्ये थांबते.")

ते प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. पोलिसांना दिलेल्या अर्जासोबत झेरॉक्स जोडली, मूळ कागद त्याने घरी ठेवायचा नाही म्हटलं. बायको म्हणाली फाडून टाक. मी ते आमच्या घरकर्जाच्या जुन्या पासबुकात ठेवलंय, त्या सहाशे पाच रुपयांच्या एंट्रीच्या पानावर. एक कागद साडेचार हजारांना मिळालेला आणि सगळं माफ म्हणणारा. दुसरा सरकारचा, सहाशे पाचाच्या वर एक पैसा न देणारा. पण तेवढे मात्र खरे.